हिशेब – ईस्टमनकलर

बाबांच्या पंच्याहत्तरीला काय द्यायचं यावर आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन आठवडे खल चालला होता. बाबांना घड्याळ दिलं तर ते डब्यासकट कपाटात जातं आणि शाल दिली तर पुढच्या लग्नात दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर दिसते. एका रात्री मी बेसावध असताना लिहून गेलो, "मी जुन्या पिक्चरसारखं पोस्टर करतो. हीरो बाबा." दोन मिनिटांत अकरा अंगठे आले. आमच्या खानदानात एवढं एकमत फक्त काम दुसऱ्याच्या गळ्यात पडल्यावरच होतं.

मला कॉम्प्युटर येतो, तेव्हा काय अवघड आहे, असं वाटलं. फोटो तपकिरी केला. त्यावर घड्यांच्या खुणा टाकल्या, कोपरे फाडले, बारीक ठिपके पसरले. एका व्हिडिओत कळलं की ऑफसेटच्या छपाईत चार रंग एकावर एक छापतात आणि एखादा केसभर सरकला की हिरॉइनचे ओठ एकीकडे नि लिपस्टिक दुसरीकडे जाते. मीही एक रंग सरकवला. बाबांना दोन मिश्या आल्या. आईला मोबाइलवर दाखवलं तर ती म्हणाली, "बरंय रे. पण यावर चहा कुणी सांडला?"

म्हणून शनिवारी पुण्याहून कोल्हापूर गाठलं. तिथे आमच्या जुन्या गल्लीत एक पेंटरमामा आहेत. थेटरांवरचे बॅनर रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. फ्लेक्स आल्यापासून ते फक्त देवळाच्या कमानी आणि ट्रॉलीच्या फळ्या रंगवतात. त्यांनी माझं पोस्टर चष्मा वर करून पाहिलं, मग चष्मा खाली करून पाहिलं.

"फाटलंय कशानं?"

"फाटलं नाही मामा, जुनं दिसावं म्हणून मुद्दाम केलंय."

"आम्ही कवा जुनं काढलंच न्हाई की ओ! शुक्रवारी पिक्चर लागायचा, गुरुवारी रातच्याला बॅनर ओलाच टेंपोत चढायचा. करकरीत नवा! तुमी ह्ये रद्दीतलं काय काढलंय?"

तीन आठवड्यांची माझी मेहनत त्यांनी एका वाक्यात रद्दीवाल्याला घातली. वाईट याचं वाटलं की ते बरोबर होतं.

मग मी माझं ज्ञान पाजळलं. मूकपटांच्या काळात सिनेमे काढणाऱ्या आपल्याच कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री, 'पेंटर' हे त्यांनी कामातून कमावलेलं. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या भारतीय पोस्टरांत सगळ्यात जुनं मानतात. चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेब मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंगं रंगवत. आणि सत्तरच्या दशकात पोस्टरवाले दिवाकर करकरे ब्रश बाजूला ठेवून सुरीने रंगाचे जाड थर द्यायचे, चेहरा नुसता अंगावर यायचा! मामा डबीतला ब्रश धूत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "ते झालं. ग्राफ टाकता येतो का?"

येत नव्हता.

ग्राफ टाकणे म्हणजे फोटोवर चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तितकेच, पण आकाराने मोठे चौकोन आखायचे, आणि एकेक चौकोन इकडून तिकडे न्यायचा. कॅनव्हास ३० बाय ४० इंचांचा होता, नेहमीच्या पोस्टरचं माप. मामांचा नियम कडक होता: "चौकोनात नाक हाय का कान हाय, बघायचं न्हाई. हाय तसं उतरायचं. डोकं चालवलं की तोंड वाकडं झालं." हे मला फार आवडलं. डोकं न चालवण्याचा मला नोकरीत अठरा वर्षांचा अनुभव आहे.

फोटो मात्र एकच मिळाला. तरुणपणी बाबांनी खर्च नको म्हणून फोटोच काढले नाहीत. होता तो १९७४ सालच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, विजेचं बिल वाचताना होतो तसा चेहरा करून काढलेला. त्याची मोठी झेरॉक्स काढली, चौकोन आखले आणि दोन शनिवार-रविवार, मान मोडेपर्यंत, इमानदारीने उतरवले.

रंगाचा धडा पहिल्याच वाक्यात संपला: "काळा रंग घरी ठिवा." सावली निळ्याने द्यायची, नाहीतर हिरव्याने. उजेडाकडच्या बाजूला केशरी. जवळून कसं दिसतं ते बघायचंच नाही. चालत्या एसटीतून माणसाला दोन सेकंदांत कळलं पाहिजे की पिक्चर मारामारीचा आहे की रडारडीचा. बाबांचा डावा गाल हिरवा केला, कपाळ केशरी, हनुवटीखाली निळा. व्हिडिओ कॉलवर बहिणीने बघितलं आणि घाबरून विचारलं, "बाबांना बरं नाहीये का?"

मामा मात्र चार पावलं मागे जाऊन बराच वेळ बघत राहिले.

"रंग बरा लागलाय. पर गालावर सुऱ्याचा वार कुणी केला?"

मी झेरॉक्स काढून बघितली. कानापासून हनुवटीपर्यंत उतरलेली ती बाकदार रेघ म्हणजे ओळखपत्रावरचा ऑफिसचा गोल शिक्का होता. निम्मा कार्डावर, निम्मा बाबांच्या गालावर. मी तो चौकोनामागून चौकोन मोठा करून, वर लाल रंगाने ठसठशीत केला होता. आयुष्यात कुणाचा एक रुपया इकडचा तिकडे न केलेला हिशेबनीस बीहडातला डाकू दिसत होता.

"खोडू का?"

"असू दे. पब्लिकला एक जखम लागतीच."

नाव ठेवलं 'हिशेब'. मामांनी सांगितलं की नाव सपाट लिहायचं नसतं. भुताच्या पिक्चरचं ठिबकलं पाहिजे, डाकूंच्या पिक्चरचं पेटलं पाहिजे. मी पेटवलं. तिरपी अक्षरं, शिरोरेखेला तडा, खालून ज्वाळा. तेवढ्यात काका आले आणि म्हणाले, शब्द 'हिशोब' आहे. त्यावर ग्रुपवर पुन्हा चार दिवस. शेवटी बाबांच्या निवृत्तीच्या कागदांत 'हिशेब' सापडला आणि काका ग्रुपमधून बाहेर पडले.

या भानगडीत एक गोष्ट राहून गेली. करकरेंच्या नादात मीही अक्षरांवर सुरीने रंगाचे थर दिले होते. मामा म्हणाले होते, "त्येल हाय त्यात. एवढा जाड रंग पंधरा दिवस तरी वाळत न्हाई." कार्यक्रमाला चार दिवस होते. मी रात्रभर टेबलफॅन लावला. सकाळी रंग तसाच ओला, वर दोन चिलटं.

कार्यक्रमात पडदा बाजूला झाला तेव्हा टाळ्या पडल्या. लहान पोरं "डाकू! डाकू!" ओरडली. बाबा जवळ गेले, चष्मा पुसला आणि आधी गालाकडेच बोट नेलं. "हा तो शिक्का. आमच्या हेडक्लार्कनं तिरका मारला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, दुसरं कार्ड द्या." पन्नास वर्षांचा तो सल बाबांनी पहिल्यांदाच बोलून दाखवला.

मग फोटो. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, थोडं मागं सरका. अजून थोडं."

केक कापायला बाबा वळले, तेव्हा नव्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर ज्वाळांसकट 'हिशेब' उमटला होता, उलटा. पूर्वी लिथोच्या छपाईत दगडावर अक्षरं अशीच उलटी काढायचे, म्हणजे कागदावर सुलटी येत. हे मी बाबांना सांगणार होतो, पण आई रॉकेलचा बोळा घेऊन आली.

रात्री बाबांनी नेहमीप्रमाणे डायरी उघडली. मी खांद्यावरून वाचलं: सदरा एक, रुपये ६५०. खाते: करमणूक.