निंगबोची भिंत आणि गवंड्याचा हात

चिनी परंपरेतून आलेली आधुनिक इमारत म्हटलं की बहुतेकांना टोकं वर वळलेलं छप्पर आठवतं. नव्वदच्या दशकात बीजिंगमध्ये नेमकं तेच झालं. काँक्रीटचे टोलेजंग सांगाडे आणि माथ्यावर जुन्या वळणाची छपरं. १९९६ साली सुरू झालेलं बीजिंग वेस्ट स्टेशन बघा. मला हा प्रकार मनापासून खटकतो. छप्पर आलं, पण ते बांधणाऱ्याचं कसब कुठे आलं?

म्हणूनच वांग शू आणि लू वेन्यू या चिनी आर्किटेक्ट दांपत्याचं काम मला फार मोलाचं वाटतं. पूर्व चीनमधल्या निंगबो शहराचं, २००८ साली पूर्ण झालेलं इतिहास संग्रहालय त्यांचं. नव्या शहरासाठी त्या भागातली तीसेक गावं पाडली गेली होती. त्यांच्या राडारोड्यातल्या विटा आणि कौलं या भिंतींत बसली.

या भिंतींचा फोटो मोठा करून बघाच. करड्या विटांचा पट्टा, त्यावर कौलांचे पातळ तुकडे आडवे रचलेले, मध्येच लालसर विटांचं ठिगळ. ही तिथली जुनी 'वापान' पद्धत. टायफूनने घरं पाडली की लोक हाताला लागेल ते रचून भराभर भिंती उभारायचे. सिमेंट आलं आणि हे कसब मागे पडलं. नकाशात असली भिंत पुरती काढताच येत नाही. कुठला तुकडा कुठे बसवायचा, हे शेवटी गवंड्याच्या नजरेवर. इमारत २४ मीटर उंच, म्हणून मागे आरसीसीचा आधार आहे. त्यात मला काही गैर वाटत नाही. उरलेल्या काँक्रीटला शटरिंगमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यात, बांबू लावले होते, त्यांची पेरं भिंतीवर स्पष्ट उमटली आहेत.

तरी एक गोष्ट मनाला लागतेच. गावं गेली ती गेलीच. एवढ्या सुंदर भिंतीनेही पाडकाम थांबलं नाही. पण तो माल भरावात गेला असता, तर तिथे कोणी राहत होतं याची खूणही उरली नसती.

आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, २०१२चं प्रित्झकर पारितोषिक, एकट्या वांग शूंना मिळालं. १९९७ साली दोघांनी मिळून कार्यालय काढलं, तर लू वेन्यूंचं नावही सोबत हवं होतं, हे माझं ठाम मत.

हांगचौ शहरात त्यांनी उभारलेला कला अकादमीचा श्यांगशान कॅम्पसही बघा. छपरांवर पाडलेल्या घरांची वीस लाखांहून जास्त कौलं आहेत. तिथे आर्किटेक्चरच्या मुलांना सुतारकाम आणि वीटकाम स्वतःच्या हाताने करावं लागतं. आपल्याकडच्या प्रत्येक कॉलेजात पहिल्याच वर्षी हे सक्तीचं करा, असं मी कळकळीने म्हणेन.