फौजदारसाहेब नेम धरतात

पिस्तूल चालवण्याचा सराव करणारा एक श्वान-फौजदार कागदावर काढावा, ही कल्पना मला ज्या रात्री सुचली त्या रात्री मी वेळेवर झोपायला हवे होते. कुत्रा मला काढता येतो. गणवेशही, एखाददुसरे बटण चुकले तरी, येतो. पिस्तूल तर समोर छायाचित्र ठेवले की कोणालाही जमते. परंतु येणाऱ्या तीन गोष्टी एकत्र केल्या की त्यांतून एक न येणारी गोष्ट तयार होते, हे मला ठाऊक नव्हते.

पहिला घोळ पंजाने घातला. कुत्र्याच्या पुढच्या पायाची चार बोटे जमिनीला टेकतात आणि पाचवे वर मनगटाजवळ, सेवानिवृत्त झाल्यासारखे, बसून असते. व्यंगचित्रांत मात्र तीन बोटे आणि एक अंगठा अशी जुनी वहिवाट आहे. वहिवाट मोडू नये म्हणून मी तीनच बोटे काढली. त्यांतले एक चापाच्या कामाला जुंपल्यावर मुठीसाठी दोनच उरली, आणि मेलेली पाल चिमटीत धरून बाहेर टाकायला निघावे तसे साहेबांनी पिस्तूल धरले. चौथे बोट वाढवले, तर पंजाचा हातमोजा झाला. त्यातच, गोळी झाडायचे ठरेपर्यंत बोट चापावर ठेवायचे नसते, ते चापाच्या कड्याबाहेर पिस्तुलाच्या अंगालगत सरळ ठेवायचे असते, असा नियम वाचनात आला. तो पाळल्यावर साहेब कोणाला तरी पत्ता सांगत असल्यासारखे दिसू लागले.

अखेर उजव्या हातात हेअर ड्रायर घेऊन, डाव्या हाताने त्याला आधार देऊन, गुडघे किंचित वाकवून मी आरशासमोर उभा राहिलो. बायकोने दार उघडले, क्षणभर पाहिले आणि एक शब्दही न बोलता ते पुन्हा लावून घेतले. या मौनाचा अर्थ लावण्याच्या भानगडीत न पडता मी समोरचे प्रतिबिंब जसेच्या तसे कागदावर उतरवले. हात जमले! कमरेचे पिस्तुलाचे म्यान आणि पिस्तुलाची उजवी बाजू तेवढी छायाचित्रांवरून घेतली.

मग कान. पिस्तुलाचा आवाज 140 डेसिबलच्याही पुढे जातो, आणि माणसाचे ऐकणे जिथे 20,000 हर्ट्झला संपते तिथून पुढे कुत्र्याला साधारण 45,000 पर्यंत ऐकू येते. तेव्हा सरावाच्या वेळी कानांना संरक्षण हवेच. मी सवयीने इअरमफ गालांवर काढले. कान वर मोकळेच राहिले आणि साहेबांचे गाल मात्र सुरक्षित झाले. तेच टाळूवर चढवले, तर दोन गोल गोळ्यांमुळे कुत्र्याचा उंदीर झाला. शेवटी मी कान खाली पाडून त्यांवर इअरमफ बसवले. त्यामुळे चेहऱ्यावर जो अपराधी भाव आला, तो वरिष्ठांसमोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला शोभण्यासारखा असल्याने तसाच ठेवला.

नेम धरताना नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरण्यासाठीच्या बारीक उंचवट्यावर, स्थिर हवी, आणि ती माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध दिसायला हवी. माशीकडे इतका वेळ शांतपणे पाहणारा आणि तिच्यावर झडप न घालणारा कुत्रा मी तरी पाहिलेला नाही, पण पोलीस प्रशिक्षणात हे शिकवत असावेत. शेपटीला मात्र कोणतेच प्रशिक्षण लागू पडत नाही. चेहरा कितीही करारी काढला तरी निशाण लागल्याची बातमी मागून शेपूट आधी फोडते, म्हणून मी ती गुपचूप खाली वळवली.

चित्र पूर्ण झाल्यावर मुलीने विचारले, "बाबा, हे डावरे आहेत का?"

आरसा! माझा उजवा हात साहेबांच्या डाव्या हाती गेला होता आणि म्यान बिचारे उजव्या कमरेला रिकामे लटकत होते. चित्र संगणकावर घेऊन मी आडवे उलटवले. पिस्तूल उजव्या हातात आले. पण म्यान डावीकडे गेले, रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी खिडकी पिस्तुलाच्या भलत्याच बाजूला आली आणि छातीवरची नावाची पट्टी उलटी वाचावी लागू लागली. पट्टी पुन्हा लिहिली. खिडकी खोडली. म्यानावर मात्र तीन तास घालवले होते, ते खोडवेना; म्हणून शेपूट वीतभर वाढवली आणि कमरेवरून पुढे आणून त्यावर झुपकेदार पसरून दिली.