मटार सुटा वाजला पाहिजे

सुपरमार्केटच्या पिशवीवर जे नाव, तेच आतल्या फ्रोझन मटारच्या पाकिटावर, आणि किंमत जाहिरातीतल्या ब्रँडपेक्षा बरीच कमी. असं पाकीट घरी आणावं की नाही, यावरून शनिवारी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली. आम्ही सगळे शाळेपासूनचे. पक्या हिशेबनीस, त्याला पैन् पै कळते. अण्णा नौपाड्यात लग्नकार्याच्या जेवणाची कंत्राटं घेतो. संगी फोर्टात नोकरीला. बंड्या भिवंडीच्या गोदामांतून थंड गाडी घेऊन दुकानांना माल पोचवतो.

अण्णाने सुरुवातच आवाज चढवून केली. "अरे, यांचं शेत नाही, कारखाना नाही, नुसतं नाव छापलंय. उद्या काही वांधा झाला तर धरायचं कुणाला?"

"पाकीट उलटं कर आणि वाच," पक्या म्हणाला. "बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवान्याचा 14 आकडी नंबर, सगळं असतं. दुकान विकतं, बनवतो दुसराच. मी दोन पाकिटं शेजारी धरून पाहिली, एक जाहिरातवालं, एक दुकानाचं. कारखाना एकच! स्वस्त पडतं कारण टीव्हीवरच्या जाहिरातीचा खर्च नाही आणि मधले वितरक नाहीत."

अण्णा जरा थबकला, पण संगीने पक्यालाच धरलं. "कारखाना एक म्हणून माल एक, असं कोण म्हणालं तुला? तू अण्णाकडे साधं ताट सांगितलंस किंवा पंचपक्वान्नाचं सांगितलंस, तर आचारी तोच असतो. ताट तेच येतं का?"

संगीचं बरोबर आहे, आणि मटारच्या बाबतीत ते अगदी शब्दशः खरं आहे. कारखान्यात मटार कोवळा की जून हे बघून वेगळा काढतात. त्याची एक पद्धत म्हणजे मिठाच्या पाण्यात सोडायचा: कोवळा तरंगतो, जून बुडतो, कारण जून दाण्यात पीठ जास्त. कुठल्या पाकिटात कुठला दाणा भरायचा, ते ज्याचं नाव छापायचं त्याच्याशी ठरलेलं असतं. दुकानाच्या स्वस्त पाकिटात दाणा थोडा मोठा, सालीला जाड आणि चवीला पिठूळ निघू शकतो. पण म्हणून तो वाईट ठरत नाही. पावभाजीत, पॅटिसच्या सारणात, समोशात तो रगडलाच जाणार आहे. तिथे कोवळ्या दाण्याचे जास्तीचे पैसे का मोजायचे? मटारभात किंवा मटार उसळ करायची, तर फरक जिभेला लगेच कळतो. म्हणून मी दोन्ही ठेवतो. संगीही तेच करते.

अण्णाचा खरा राग दुकानावर नव्हताच, फ्रोझनवर होता. "जांभळी नाक्यावर शेंगा मिळतात तोवर मी या बर्फाला हात लावणार नाही," तो म्हणाला. हिवाळ्यात ताजा मटार येतो तेव्हा मीही त्याच्याच बाजूने आहे, त्या गोडीला तोड नाही. पण मटार तोडला त्या क्षणापासून त्यातल्या साखरेचं पीठ व्हायला लागतं. परराज्यातून निघून वाशीच्या मार्केटला, तिथून जांभळी नाक्याला, मग टोपलीत उन्हात, अशी वाट चाललेली शेंग नावाला ताजी. कारखान्यात तोडणीनंतर काही तासांत दाणे गरम पाण्यातून काढतात, त्याने दाणा खराब करणारी एन्झाइम्स निकामी होतात, आणि लगेच उणे 30 - 40 अंशांच्या वाऱ्यात सुटे सुटे गोठवतात. एक किलो शेंगांतून निम्म्याहून कमी दाणे निघतात, हेही अण्णाला मोजून दाखवावं लागलं. इतकी वर्षं पोत्याने शेंगा घेतो, पण सोलणाऱ्या बायकांची मजुरी तो मटारच्या भावात कधी धरतच नाही. श्रावणात शेंगांचा भाव गगनाला भिडतो तेव्हा पाकीट घेतलं म्हणून कुणी आळशी ठरत नाही.

"आणि आळशी म्हटलं तरी मला फरक पडत नाही," संगी म्हणाली. "लोकलने घरी यायला मला आठ वाजतात, सकाळी सहाला पोराचा डबा. मी सोललेला मटार घेतला तर कुणाचं काय बिघडलं? सासूबाई हिवाळ्यात सोलून घरच्या फ्रीझरमध्ये भरायच्या, त्यांचा मटार शिजवला की लिबलिबीत व्हायचा. मला वाटायचं मटारच वाईट."

मटार चांगलाच असणार, गोठायला वेळ लागत होता. घरच्या फ्रीझरमध्ये पाणी सावकाश गोठतं, बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि दाण्याच्या आतल्या पेशी फाटतात. कारखान्यात ते काही मिनिटांत उरकतं, स्फटिक बारीक राहतात. घरी करायचंच असेल तर दाणे दोनेक मिनिटं उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात, पूर्ण कोरडे करून ताटात एक थर पसरून गोठवावेत आणि मगच पिशवीत भरावेत. एकदम ढीग भरला की मधला भाग तासन् तास गार व्हायचं नाव घेत नाही.

इथवर बंड्या शेंगदाणे खात गप्प बसला होता. तो बोलला आणि चर्चेचा रोखच बदलला.

"तुम्ही नावावरून भांडताय. मला विचाराल तर नाव सोडा, गारवा बघा. माझ्या गाडीत उणे 18 लागतं, आकडा लिहून ठेवावा लागतो. घोळ होतो तो गाडीतून उतरल्यावर. ट्रॉली दुकानात आली, पोराला दुसरं काम लागलं, माल तसाच उभा. मग वरचं वितळतं, फ्रीझरमध्ये गेलं की परत गोठतं. पाकिटावरची तारीख पुढच्या वर्षीची असली तरी मालाची रया गेलेली असते."

ओळखायचं कसं, हे त्याने पक्याची पिशवी हातात घेऊन दाखवलं. पाकीट हलवायचं: दाणे खुळखुळ्यासारखे सुटे वाजले पाहिजेत. आत एकच गठ्ठा लागला, तर तो कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे. आत पांढरं हिम साठलेलं दिसलं, तर तापमान वरखाली होत राहिलंय. दुकानाच्या आडव्या फ्रीझरला आतून एक रेघ असते, माल तिच्या वर रचलेला असेल तर वरचं पाकीट घ्यायचं नाही, खालचं घ्यायचं. खरेदीत फ्रोझन सगळ्यात शेवटी उचलायचं, बिलाच्या रांगेत जायच्या आधी. पक्याचं पाकीट तोवर अर्धं मऊ झालं होतं. गप्पा मारत तासभर बसला होता तो. बंड्याने त्याला बजावलं, हे आता फ्रीझरमध्ये टाकू नकोस, आज रात्रीच शिजव.

मला स्वतःला हे गेल्या मे महिन्यात कळलं. मी घोडबंदर रोडला राहतो. एका ॲपवरून मागवलेलं पाकीट वाहतुकीच्या कोंडीतून साध्या पिशवीत आलं, हातात घेतलं तर थंडगार पाणी. परत दिलं. तेव्हापासून उन्हाळ्यात फ्रोझन मी घरपोच मागवत नाही, दुकानात जाऊन आणतो, वर्तमानपत्रात गुंडाळून.

घरी आल्यावरचा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. एका दाराच्या साध्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे 18 पर्यंत जातोच असं नाही. काही फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर चांदण्या छापलेल्या असतात (विजेच्या बचतीचे स्टार वेगळे, त्यांच्याशी गल्लत नको): एक म्हणजे उणे 6, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. एका चांदणीच्या कप्प्यात वर्षभराची तारीख असलेलं पाकीट महिनोन्महिने ठेवणं चूक. आठवड्याभरात संपेल एवढंच आणायचं. देखभालीसाठी दिवसभर वीज जाणार असेल त्या दिवशी फ्रिज उघडायचा नाही.

मटारवर एकमत होत आलं, तोच पक्याने आलू पराठ्याचं पाकीट काढलं. पराठ्यावर आधी 18 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला, म्हणून तो खुशीत होता. इथे मात्र मी आणि अण्णा एका बाजूला आलो. मटारच्या पाकिटात मटारच असतो, फसवायला फारशी जागा नाही. पराठा, कबाब, कटलेट हे दुसऱ्या कुणीतरी बनवलेलं जेवण आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा पहिला शब्द वाचायचा. पक्याच्या पाकिटावर पहिला शब्द मैदा होता. भाज्यांच्या कबाबचं पाकीट घेतलं तर बटाटा पहिला आणि ज्या भाजीचं चित्र, ती पाचवी असू शकते. मग सोडियम बघायचं: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण 2000 मिलिग्रॅम सोडियम. दोन पराठे, लोणचं आणि संध्याकाळचा फरसाण एवढ्यात त्यातला मोठा वाटा संपतो. हे दुकानाच्या पाकिटालाही लागू आणि नावाजलेल्यालाही.

"मग डब्यात देऊच नको का?" संगीने विचारलं. दे, पण रोज नको, आणि दोन पाकिटांचे मागचे मजकूर शेजारी ठेवून निवड, असं माझं मत. अण्णाचं मत, कणकेचे पराठे रविवारी लाटून, अर्धे भाजून, मध्ये बटर पेपर घालून गोठव. संगीने त्याला रविवारी तिच्या घरी लाटायला बोलावलं. तो चक्क हो म्हणाला.

उकडीच्या फ्रोझन मोदकांवरून पुन्हा वाजलं असतं, पण बंड्याने ते दोन वाक्यांत मिटवलं: फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर पारी कडक होऊन चिरते, फ्रीझरमधून काढून थेट वाफेवर धरले तर बरे होतात. अण्णाने मान्य केलं नाही, गणपतीत बघू म्हणाला.

आता ठरलंय ते असं. रविवारी पराठे लाटून झाले की संगीकडेच तीन उसळी करायच्या: एक दुकानाच्या मटारची, एक जाहिरातवाल्याची, एक जांभळी नाक्याच्या शेंगांची. कुठल्या पातेल्यात काय, ते फक्त बंड्याला ठाऊक. अण्णाची अट एकच, वाटण तिन्हीत सारखं आणि ते तोच करणार.