सावली, घड्याळ आणि काळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. काळ आणि अंतराळप्रवास यांवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. कोकणातली मध्यान्ह घड्याळातल्या बारानंतर ३७ मिनिटांनी होते हे माझे विधान आपल्या देवगडच्या अंगणात खोटे ठरले, हा पहिला. अंतराळवीराचे वय कमी वाढते असे म्हणायचे, तर अमेरिकेला जाणारा माणूसही साडेदहा तासांनी तरुण होतो असे म्हणावे लागेल, हा दुसरा. मंदावते ते घड्याळ, काळ नव्हे, हा तिसरा. पहिल्या बाबतीत चूक माझी आहे, दुसऱ्याला माझ्या ढिल्या मांडणीने वाव दिला आणि तिसरा मात्र मला मान्य नाही.

३ नोव्हेंबरला आपण पाच फुटी बांबू ओळंबा लावून सरळ उभा केला, त्याच्या बुंध्याभोवती दोरीने वर्तुळ आखले आणि सावलीचे टोक त्या वर्तुळाला सकाळी १० वाजून ४ मिनिटांनी व दुपारी २ वाजून ३६ मिनिटांनी शिवल्याची नोंद केलीत. दोन्ही वेळांचा मध्य १२ वाजून २० मिनिटे येतो. ही रीत उत्तमच आहे. सर्वांत आखूड सावली शोधत बसणाऱ्याची फसगत होते, कारण मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी कितीतरी मिनिटे बदलल्यासारखी वाटतच नाही. उलट सकाळी आणि दुपारी टोक झपाट्याने सरकत असते, त्यामुळे वर्तुळ ओलांडण्याचा क्षण नेमका पकडता येतो. आपल्याकडचे जुने ज्योतिषी शंकूच्या, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीवरून दिशा ठरवत, तेही याच वर्तुळाने.

आता १७ मिनिटांच्या तफावतीविषयी. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे आणि देवगड त्याच्या सुमारे ९.१ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने साडेछत्तीस मिनिटे होतात आणि माझ्या रत्नागिरीसाठी जवळजवळ ३७. पण ही झाली वर्षभराची सरासरी, आणि तो शब्द मी लेखातून गाळला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ती जानेवारीच्या सुरुवातीला, सूर्याच्या सर्वांत जवळ असताना, वेगाने पुढे सरकते आणि जुलैत रेंगाळते. शिवाय तिचा अक्ष कललेला आहे. या दोन कारणांनी खरा सूर्य सरासरी सूर्याच्या, म्हणजे वर्षभर एकसारख्या गतीने चालणाऱ्या काल्पनिक सूर्याच्या, कधी पुढे, तर कधी मागे असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो सोळा मिनिटांहून थोडा अधिक पुढे असतो. साडेछत्तीसमधून सोळा वजा केले की आपली वीस मिनिटे हातात येतात. फेब्रुवारीच्या मध्यास तो चौदा मिनिटे मागे पडतो, तेव्हा आपल्याच अंगणात मध्यान्ह १२ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास व्हायला हवी. बांबू उपटला नसेल तर पाहून कळवावे.

या सोळा किंवा चौदा मिनिटांचा सरकारशी काही संबंध नाही, ३७ मिनिटांचा मात्र आहे, आणि दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर इथेच आहे. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाही. ती सोडली तेव्हा शहरातल्या कोणाचेही आयुष्य ३९ मिनिटांनी घटले नाही. एकाच क्षणाला दिलेले नाव तेवढे बदलले. आपले चिरंजीव हिवाळ्यात न्यू जर्सीला उतरून घड्याळाचे काटे साडेदहा तास मागे घेतात, तेही असेच नामांतर असते. अंतराळवीराची गोष्ट निराळी. तिथे कोणी काटे फिरवत नाही. एकाच ठिकाणी जुळवलेली दोन घड्याळे वेगवेगळ्या वाटांनी फिरवून पुन्हा शेजारी ठेवली, तर दोहोंनी मोजलेल्या सेकंदांची संख्याच वेगळी निघते.

हे प्रत्यक्ष करून पाहिलेले आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या शास्त्रज्ञांनी सीझियमची चार आण्विक घड्याळे साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती नेली, एकदा पूर्वेकडे जात आणि एकदा पश्चिमेकडे जात. पूर्वेकडे गेलेली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा ५९ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) मागे पडली, तर पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. म्हणजे पश्चिमेकडे जाणाऱ्याचे वय किंचित का होईना, जास्तच वाढते. काटे मागे घेतल्याचा आनंद चिरंजीवांनी फार मानू नये.

तिसऱ्या आक्षेपात आपण ओटीवरच्या लंबकाच्या घड्याळाचे उदाहरण दिले आहे. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांबते आणि घड्याळ मागे पडते, म्हणून काळ मंदावला असे कोणी म्हणत नाही. अगदी खरे, पण तसे आपण का म्हणत नाही? कारण त्याच ओटीवर बसलेल्या माणसाच्या मनगटावरचे क्वार्ट्झ घड्याळ त्या प्रमाणात मागे पडत नाही, म्हणून दोष एका यंत्रात आहे हे कळते. म्यूऑन नावाच्या कणात दांडी नाही, स्प्रिंग नाही, तेल सुकण्याचा प्रश्न नाही. स्थिर असताना तो सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) नष्ट होतो आणि तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. हे कण सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतात. ते वाटेतच संपायला हवेत, पण हे वाचताना आपल्या तळहातावरून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन जात आहे, कारण वेगामुळे त्यांचे आयुष्य लांबते. सीझियमचा अणू आणि म्यूऑन यांच्या रचनेत काहीही साम्य नसताना दोघेही एकाच सूत्राप्रमाणे मंदावत असतील, तर तो दोष यंत्राच्या माथी मारता येत नाही.

मात्र 'अंतराळात वय कमी वाढते' हे माझे सरसकट वाक्य सैल होते. वेगाने काळ मंदावतो आणि उंचीने, म्हणजे गुरुत्वाकर्षण कमी झाल्याने, तो जलद चालतो. सुमारे ४०० किलोमीटरवरच्या अंतराळस्थानकात वेगाची बाजू वरचढ ठरते आणि दिवसाला साधारण २५ मायक्रोसेकंद वाचतात. शुभांशू शुक्ला २५ जून ते १५ जुलै २०२५ या प्रवासातून परतले ते आपल्यापेक्षा सुमारे अर्धा मिलिसेकंद कमी जगून. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असतात. तिथे वेगामुळे ७ मायक्रोसेकंदांची घट होते आणि उंचीमुळे ४५ ची वाढ, म्हणजे घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे धावते. तिथे माणूस राहता, तर तो आपल्याआधी म्हातारा झाला असता.

याच ओघात आपल्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगतो. हा फरक दुरुस्त केला नाही, तर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या तांडेलाच्या जीपीएसवर त्याची नौका एका दिवसात ११ किलोमीटर भलतीकडे दिसेल, असे मी लिहिले होते. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश तेवढा जातो हे खरे आहे आणि असे सर्रास लिहिलेही जाते. परंतु नौकेवरचे यंत्र एकाच वेळी किमान चार उपग्रह ऐकते आणि त्यांतून स्वतःच्या घड्याळाची चूकही काढते. सगळेच उपग्रह सारखे पुढे गेले, तर तो फरक त्याच चुकीत जिरून जातो आणि जागा फारशी हलत नाही. बिघडतो तो मुख्यतः जमिनीवरच्या प्रमाण घड्याळाशी असलेला मेळ. तो राखण्यासाठी उपग्रहातले घड्याळ १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्‌झवर लावून वर पाठवतात, म्हणजे तिथे गेल्यावर ते जमिनीवरून बरोबर दिसते. लेखातले ११ किलोमीटरचे वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि ३७ मिनिटांच्या आधी 'सरासरी' हा शब्द घातला आहे.