कपाटातलं रसायन

शनिवारी आमच्याकडे बारा माणसं जेवायला होती. त्या बाराही जणांदेखत माझ्या कोटांच्या कपाटाचा पंचनामा झाला, आणि लगेच गुलाबजाम वाढायलाही मलाच उठावं लागलं.

कपाटात काय होतं ते सांगून टाकतो. बार्लीवाइन. नाव वाइनचं, पण आहे बिअरच. इंग्रजांची, नऊ-दहा टक्क्यांची. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी सही करून मोकळीक दिलीय. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन. माझी जेमतेम १९ लिटर. तिच्यात मी इंग्लिश यीस्ट घातलं, कारण त्याने संत्र्याच्या मुरांब्यासारखा छान वास येतो. पण हे यीस्ट अर्ध्या जेवणातूनच उठून तळाशी झोपायला जातं. हायड्रोमीटर म्हणजे साखर किती उरली ते सांगणारी काचेची नळी; साखर संपत जाते तसा तिचा आकडा उतरतो. १.१०० वरून निघालेला माझा हायड्रोमीटर १.०४० वरच अडला. चव काकवीची. मग जोर यावा म्हणून वरून शॅम्पेनचं यीस्ट टाकलं. तीन आठवड्यांनी हायड्रोमीटर १.०३८.

शेजारणीचे वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेत. सगळी नोकरी हातभट्ट्यांवर धाडी घालण्यात गेलेली. कोट ठेवायला म्हणून कपाट उघडलं आणि तिथेच उकिडवे बसले. नाक पुढे केलं.

“रसायन.” म्हणजे हातभट्टीवर गाळायच्या आधीचं आंबवण.

“काका, बिअर आहे ती.”

“होईल तेव्हा होईल. आत्ता रसायन. गूळ किती?”

“गूळ नाही, बार्ली.”

“श्रीमंत भट्टी. नवसागर?”

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, छे, नवसागर कसला, यीस्टला खुराक म्हणून जरा डायअमोनियम फॉस्फेट घातलंय.

“अमोनियम ना? मग नवसागर काय वेगळं असतंय?”

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. मी गप्प. हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. ती माझी बायको होती, हे मी लक्षात ठेवलंय.

“दोन पंच या इकडं.”

आले की! हातात प्लेटा घेऊन. एक तर माझा सख्खा मेहुणा. काका बोट नाचवत तोंडी लिहू लागले, “काचेची बरणी एक, अंदाजे पाच गॅलन. तोंडाला बूच, बुचात नळी. आत उग्र वासाचं...”

“उग्र नाही हो, संत्र्याचा वास आहे!”

“...उग्र वासाचं गोडसर रसायन. आणि आरोपीनं मधे बोलायचं नसतं.”

आरोपी! आमच्या तीर्थरूपांनी १९४९ च्या दारूबंदी कायद्याला घाबरून दारू पिण्याचा आजन्म परवाना काढला होता आणि त्या परवान्यावर जन्मभरात दोन पेग घेतले. त्यांचा मी मुलगा.

“गाळणार कधी?” काकांनी विचारलं. बिअर गाळत नाहीत, आणि घरी दारू गाळणं इथे गुन्हाच आहे, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे एवढा खटाटोप करून हे असंच प्यायचं?” मग नळीकडे बघत, “बुडबुडे का थांबलेत?”

मी दोन यीस्टची कथा सांगितली.

“एका हद्दीत दोन टोळ्या सोडल्यास होय? एक दुसरीला संपवतीय.”

सगळे हसले. मीही हसलो, तेवढंच हातात होतं. रात्री भांडी आवरून वाचत बसलो. शॅम्पेनचं ते यीस्ट ‘किलर’ जातीचं निघालं. विष सोडून दुसऱ्या यीस्टला खरंच मारतं. बरं, मारून गादीवर बसलास तर कारभार तरी कर! तेही नाही. बार्लीतली माल्टोट्रायोज नावाची साखर त्याला खाता येत नाही, त्याचा जन्म द्राक्षाच्या रसातला. पहिल्या दिवशीच इंग्लिशच्या जोडीला अमेरिकन एल यीस्ट, म्हणजे बिअरचंच दुसरं यीस्ट, घालायला हवं होतं. एक वासाला, एक कामाला. आता घालून उपयोग नाही, आत किलर बसलाय. हे दुकानदाराला सांगता आलं नसतं? “मस्त जोडी आहे,” म्हणाला होता, कार्ड ओढताना.

आज सकाळी काका फिरून येताना दारात भेटले. आसपास कोणी नाही असं बघून मी हळूच विचारलं, “काका, रसायन बिघडलं तर ते भट्टीवाले काय करायचे हो?”

“ते होय? तेच आम्हाला फोन करायचे. आमची केस व्हायची, त्यांचं पिंप रिकामं व्हायचं.”

मग माझ्या खांद्यावरून आत कपाटाकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला.

“इथला नंबर काय रे?”