‘बेटावरचा वाढदिवस’ वाचून चिडलेल्या काकूंना उत्तर

काकू (नातीचा उल्लेख केलात म्हणून काकू म्हणतेय, वयाने लहान असाल तर राग मानू नका), तुमची कमेंट दोनदा वाचली आणि खाली नुसतं ‘धन्यवाद’ टाकून मोकळं व्हावंसं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहायला घेतलंय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लेकाच्या सातव्या वाढदिवसाला सोसायटीच्या हॉलमध्ये बेटाच्या थीमची पार्टी कशी केली ते लिहिलं होतं. त्यावर काकूंचं म्हणणं असं की हे सगळे अमेरिकन थेर आहेत, गवताचे घागरे आणि प्लास्टिकच्या माळा घालून पोरं नाचवायची ही कुठली हौस, आपल्याकडे औक्षण असतं ते विसरलात का, पाण्याचा टब ठेवून लोकांच्या मुलांच्या जिवाशी खेळ केलात, आणि एवढ्या पैशात एखाद्या अनाथाश्रमात जेवण झालं असतं. शिवाय शेवटी, ‘तुमच्यासारख्यांचं वाचून माझी सून पण नातीच्या डिसेंबरातल्या वाढदिवसाला हेच खूळ घेऊन बसलीय.’

टबचं पटकन संपवते. काकू, फोटोत निळं दिसतंय तो टब नाहीये हो, माझी जुनी निळी साडी आहे, जमिनीवर पसरून चारी बाजूंनी टेपने चिकटवलेली. तो समुद्र. पाणी नव्हतंच, आणि तुमची भीती अगदी बरोबर आहे, लहान मुलाला बुडायला चार बोटं पाणी पुरतं आणि अशा पार्टीत प्रत्येक मोठ्या माणसाला वाटतं की दुसरं कोणीतरी बघतंय. याच कारणाने मशालीसारखे दिवे, खरी आग आणि तो ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) धूर हेही मी ठेवलं नाही. ड्राय आइस उणे ७८ डिग्रीच्या आसपास असतो, चुकून हातात धरला तर कातडी जळते आणि तोंडात गेला तर विचारायलाच नको, तरी डेकोरेशनवाले ‘मॅडम, धुरामुळे फोटो भारी येतात’ म्हणून गळ्यात मारतातच.

आता घागरे. माझ्या पोस्टमध्ये एकाही मुलाच्या अंगावर गवताचा घागरा नाही, परत बघा. पण तुम्हाला तो दिसला यात तुमचा दोष नाही, कारण बेटाची पार्टी म्हटलं की दुकानात जे पॅकेज मिळतं त्यात तो असतोच. गवताचा घागरा, प्लास्टिकचे हार, लाकडी मुखवटे, काठीखालून वाकून जायचा तो लिंबो, आणि वर लिहिलेलं असतं हवाई. यात पॅसिफिक महासागरातल्या त्या हवाई बेटांचं फार थोडं आहे. लिंबो त्रिनिदादचा, म्हणजे कॅरिबियन, दुसरंच टोक. गवताचे घागरे हवाईत आले तेच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, पॅसिफिकमधल्या गिल्बर्ट बेटांवरून मजुरीला आणलेल्या लोकांबरोबर. त्याआधी हुला (हवाईचं पारंपरिक नृत्य) करणारे झाडाच्या सालीचं कापड आणि पानं नेसायचे. मुखवट्यांची फॅशन तर १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या दारूच्या बारवाल्यांनी काढली, सगळ्या पॅसिफिकची भेळ करून. त्यामुळे ‘अमेरिकन थेर’ हे तुमचं वर्णन त्या पॅकेजला चपखल बसतं, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे.

पण हवाईलाच अमेरिकन म्हणून उडवून लावणं मला नाही पटत. ते एक राज्य होतं, स्वतःचे राजे-राण्या असलेलं. १८९३ मध्ये तिथल्या राणीला उलथवलं, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली, १९५९ मध्ये ते अमेरिकेचं राज्य झालं. आणि हुला म्हणजे कंबर हलवणं नव्हे, त्यात देवांच्या, राजांच्या कथा गायल्या जातात, गुरूकडे बसून शिकतात. मिशनरी आले आणि १८३० मध्ये चारचौघांत हुला करायलाच बंदी झाली, पुढे राजा कालाकाऊआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकात तो पुन्हा उघडपणे करवला. आपल्या दशावतारातल्या राजाचं सोंग कुणी परदेशात प्लास्टिकच्या मुकुटासकट ‘इंडियन पार्टी किट’ म्हणून विकलं तर मालवणातल्या माणसाला कसं वाटेल, तसंच आहे ते. म्हणून माझ्याकडे वेश नव्हता. बर्मुडा आणि जुना टी-शर्ट, एवढंच आमंत्रणात लिहिलं होतं. (तरी एक मुलगा स्पायडरमॅन होऊन आला. आला तर आला.)

मग थीम म्हणजे केलं काय? हॉलच्या चार कोपऱ्यांना चार बेटं केली आणि मुलांनी साडीच्या समुद्रातून गटागटाने एकेका बेटावर जायचं, तिथलं काम करायचं, पुढे जायचं. आणि पहिलं बेट कुठलं होतं माहितीये? साष्टी. म्हणजे आमचं ठाणंच. मुलांना नकाशा दाखवला, पश्चिमेला अरबी समुद्र, वर वसईची खाडी आणि उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी, आणि विचारलं आपण कुठे राहतो, तर कोणाला पत्ताच नाही की आपण रोज बेटावर उठतो, बेटावर शाळेत जातो आणि कळव्याच्या मावशीकडे जायचं तर पूल ओलांडावा लागतो तो याचसाठी. मोठ्यांनाही नव्हतं माहीत, खरं सांगते. एक बाबा मोबाइलवर मॅप उघडून बघत बसले.

दुसरं कुरटे बेट, ज्यावर १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला. माझं माहेर मालवणचं, त्यामुळे हा कोपरा जरा जास्तच सजला हे कबूल. तिथला प्रश्न एवढाच, चारी बाजूंनी खारं पाणी आहे, गडावरची माणसं पिणार काय? मुलांनी समुद्राचं पाणी उकळण्यापासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळं सुचवलं. मग दूध बाव, दही बाव, साखर बाव या गोड्या पाण्याच्या विहिरींची गोष्ट सांगितली आणि प्रत्येकाला वाटीभर कोकम सरबत दिलं. तिसरा कोपरा लक्षद्वीपचा, प्रवाळाची बेटं, तो तितकासा रंगला नाही, प्रवाळ म्हणजे काय हे सांगेपर्यंत मुलं पुढे पळाली होती.

चौथा हवाई. काकू, हा तुमच्यासाठी सविस्तर लिहिते. एका ताटात नारळ, अळूचं पान, केळं, उसाचं कांडं, हळकुंड, नीरफणस आणि अननस ठेवला होता. गोष्ट अशी सांगितली की साधारण हजार वर्षांपूर्वी लोक होड्या घेऊन, तारे बघत, भर समुद्रातून या बेटांवर पोचले आणि नव्या ठिकाणी खायला मिळेल न मिळेल म्हणून रोपं, कंद बरोबर घेऊन गेले. या ताटातली एक गोष्ट सोडून बाकी सगळ्या होडीतून गेल्या, ती एक कोणती? झाडून सगळ्यांनी हळकुंड उचललं. एकजण म्हणाला हळद आपली आहे, देवाची आहे, ती तिकडे कशाला जाईल! आणि उत्तर होतं अननस. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला, हवाईत तो फार उशिरा गेला आणि मोठमोठे मळे तर विसाव्या शतकातले. आपल्याकडेही तो पोर्तुगीजांनी आणला. हवाईवाल्यांचं खरं पोटभरीचं अन्न अळू, त्याचा कंद उकडून, कुटून खातात, पानात बाकीचं गुंडाळून वाफवतात, आणि अळू हा माणसाचा थोरला भाऊ अशी त्यांच्यात कथा आहे.

आता मला सांगा, यात परकं काय आणि आपलं काय? अळू, नारळ, ऊस, केळी, हळद त्यांच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या, आपल्याकडेही. नीरफणस तर पॅसिफिकमधूनच आपल्या परसात आलाय आणि त्याचे रवा लावलेले काप आम्ही मालवणचं खास म्हणून मिरवतो. देवळाबाहेरचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा. काजू ब्राझीलचा. आपण उष्ण कटिबंधातली, समुद्राकाठची माणसं, आपल्या पोरांना ‘ट्रॉपिकल’ म्हणून प्लास्टिकचं ताडाचं झाड कशाला दाखवायचं, खिडकीबाहेर खरं उभं असताना. माझा पॅकेजवर राग आहे तो हा. आणि ‘आपली संस्कृती’ म्हणून बेटाचा विषयच नको म्हणणाऱ्यांशी भांडण आहे तेही हेच.

औक्षण झालं, काकू. सकाळी घरात, आईने केलं, फोटो टाकला नाही म्हणजे झालं नाही असं नसतं.

प्लास्टिकबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर वाद नाही. उलट थोडी भर घालते, १ जुलै २०२२ पासून देशभर फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे छोटे झेंडे, स्ट्रॉ, तसल्या प्लेटी-ग्लास आणि सजावटीचं थर्माकोल या सगळ्यांवर बंदी आहे, तरी पार्टीच्या सामानाच्या दुकानात सगळं मिळतंच. माझ्याकडे सजावट म्हणजे झावळ्या. सोसायटीतले माड साफ करायला पाडेली येतो त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, त्याने चांगल्या हिरव्या झावळ्या वेगळ्या काढून दिल्या. दोन कमान म्हणून बांधल्या, बाकीच्यांची पाती सोडवून मुलांना दिली आणि माझ्या आईने खाली बसून पिपाणी करायला शिकवली. पातीचा मधला हीर काढायचा, निमुळत्या टोकापासून तिरकी गुंडाळत यायची म्हणजे कर्ण्यासारखा आकार होतो, सुटू नये म्हणून त्याच हिराचा तुकडा काट्यासारखा खोचायचा, आणि बारीक तोंडात पातीचा दुमडलेला इवलासा तुकडा बसवायचा, तो थरथरला की आवाज. बहुतेकांच्या पिपाण्या पहिल्यांदा नुसतीच हवा सोडत होत्या, मग एकीची वाजली आणि त्यानंतर हॉलमध्ये बोललेलं ऐकू येईना. तीच रिटर्न गिफ्ट. रात्री आमच्या ग्रुपवर आयांचे जे मेसेज आले ते इथे छापण्यासारखे नाहीत.

करवंट्यांवरून चालायची शर्यतही झाली. करवंटीला भोक पाडून दोरी ओवायची, आतून गाठ मारायची, पालथ्या करवंटीवर पाय ठेवून दोरी हाताने ताणून धरत चालायचं. डोळ्यांच्या बाजूच्या अर्ध्या भागाला भोक चटकन पडतं, दुसऱ्या अर्ध्याला ड्रिल लागतं, आणि कडा पॉलिशपेपरने घासल्याशिवाय मुलांना देऊ नका.

पैशांचं म्हणाल तर फुग्यांची कमान, नावाचा बोर्ड, अँकर आणि टॅटूवाला यांत खरा खर्च जातो आणि ते काहीच नव्हतं. अनाथाश्रमाचं तुम्ही म्हणता ते चांगलंच आहे, पण ते वाढदिवसाच्या बदल्यातच करायला हवं असं का, कुठल्याही मंगळवारी करता येतं.

सूनबाईंचं आता. त्यांना मोडता घालू नका, फक्त पॅकेज घेऊ देऊ नका. डिसेंबर म्हणजे चाफ्याला फुलं जवळजवळ नसतात, तेव्हा हारांसाठी शेवंती किंवा झेंडू घ्या (चाफा मिळालाच तर खाली पडलेला, धुवून, तोडलेल्याचा चीक अंगाला लागतो). मुलांच्या हातात सुईऐवजी हीर द्या, सुईइतका टोचत नाही. नीरफणस तेव्हा बाजारात मिळेलच असं नाही, रताळी मात्र मिळतील, आणि तीही हवाईवाले पिढ्यान्‌पिढ्या खातात, उकडून तूप-गूळ लावून द्या. अळूवडी तुमच्या हातची असेल तर विचारायलाच नको, पण चिंच घालताना हात आखडू नका, मुलांचा घसा खवखवला तर परत कधी अळूला हात लावणार नाहीत. अननस कापून ठेवायचा तर थोडाच, कच्चा जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते. शिऱ्यात शिजला की तो त्रास जातो. जेलीत कच्चा अननस घालणार असाल तर चायना ग्रासची जेली करा, जिलेटिनची त्याने सेट होत नाही, पातळच राहते.

आणि गोडाला हौपिया करून बघा, तिकडची नारळाची वडी. २ कप घट्ट नारळाचं दूध, अर्धा कपाला थोडी कमी साखर, ५ मोठे चमचे कॉर्नफ्लोर त्यातल्याच थोड्या गार नारळाच्या दुधात गाठी न ठेवता कालवून, सगळं मंद गॅसवर सतत ढवळत घट्ट करायचं, चिमूटभर मीठ, थाळीत ओतून फ्रिजमध्ये, मग वड्या कापायच्या. ढवळणं सोडून फोन घेतलात तर तळाशी गोळे झालेच म्हणून समजा. झावळ्या मात्र आदल्या संध्याकाळीच उतरवून घ्या आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवा, सुकल्या की पाती वळत नाहीत, चिरतात.