प्रतिक्रियेला उत्तर: डॉक्टर नसलेल्यांनी सिझेरियन करावं का?

डॉक्टर, नमस्कार. मोझांबिकमधल्या 'तेक्निको द सिरुर्जिया', म्हणजे डॉक्टरची पदवी नसताना शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रशिक्षित वर्गावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "हा गरीब बायकांच्या जिवाशी खेळ आहे. सरकारने डॉक्टर वाढवावेत, नाहीतर रुग्णाला मोठ्या दवाखान्यात पाठवावं." आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७५ साली मोझांबिक पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले. दोन वर्षांत यादवी पेटली, ती १९९२पर्यंत चालली. १९८४मध्ये तेक्निकोंचं प्रशिक्षण सुरू झालं ते या काळात. डॉक्टर घडवणं तेव्हाही चालू होतं, पण घडलेला डॉक्टर तालुक्याला टिकत नव्हता. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नेमणुकीनंतर सात वर्षांनी ८८ टक्के तेक्निको जिल्हा रुग्णालयांतच होते, डॉक्टर एकही उरला नव्हता. २००२ साली तिथल्या जिल्हा रुग्णालयांतल्या ९२ टक्के मोठ्या प्रसूती-शस्त्रक्रिया तेक्निकोंनीच केल्या होत्या. ते काढून घेतले तर त्या टेबलापाशी दुसरं कुणी उभं राहत नाही.

पाठवायचं म्हणाल, तर प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव दोनेक तासांत जीव घेतो. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्याने एवढ्या वेळात प्रांताचं रुग्णालय गाठता येत नाही.

आता शिक्षणाविषयी. बारावी झालेल्या मुलाला उचलून चाकू दिला जात नसे. ग्रामीण भागात आरोग्यसेवेत काम केलेले अनुभवी कर्मचारी निवडले जात. दोन वर्षं राजधानी मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयात, मग एक वर्ष प्रांताच्या रुग्णालयात. अभ्यासाचे विषय तीनच होते: गर्भारपणातल्या आणि बाळंतपणातल्या गुंतागुंती, अपघाताच्या जखमा, आणि पोटातला पू-दाह यांसारखी तातडीची दुखणी. तुम्ही-आम्ही एमबीबीएसला जे शिकतो त्यातलं बरंच त्यांना येत नाही. पण सिझेरियन येतं, कारण तेच पुन्हापुन्हा करून घेतलेलं असतं.

अवघड काय असतं तेही पाहू. दोन दिवस अडलेली बाई येते, बाळाचं डोकं ओटीपोटात घट्ट रुतलेलं, गर्भाशयाचा खालचा भाग ताणून कागदासारखा पातळ झालेला आणि मूत्राशय सुजून वर ओढला गेलेला. नेहमीच्या पातळीवर चीर घेतली तर मूत्राशय कापला जातो किंवा चीर योनीत उतरते. म्हणून पोटाचा पडदा जरा वर उघडायचा, मूत्राशय खाली सारायचा, गर्भाशयावरची चीर थोडी वर घ्यायची. डोकं निघत नसेल तर मदतनिसाने योनीतून वर ढकलायचं, नाहीतर बाळाचे पाय धरून काढायचं. इथे घाई झाली तर चीर बाजूला फाटत जाते आणि गर्भाशयाची धमनी फाटते. नंतर लघवीची नळी दहा ते चौदा दिवस ठेवायची. ती लवकर काढली तर दबलेल्या जागी भोक पडून लघवी आयुष्यभर गळत राहू शकते. हे हाताला शिकावं लागतं आणि ते जाणत्या माणसाशेजारी उभं राहूनच येतं.

पुरावा काय सांगतो? १९९६च्या अभ्यासात तेक्निकोंच्या ९५८ आणि तज्ज्ञांच्या १११३ सिझेरियनची तुलना झाली. फरक एवढाच सापडला की तेक्निकोंच्या रुग्णांत जखम वरवर उकलण्याचं प्रमाण किंचित जास्त होतं. अर्थात ती तुलना मापुतोच्या मोठ्या रुग्णालयातली होती, जिथे हाक मारली की वरिष्ठ येतो. ही तिची मर्यादा मी मानतो. २०११मध्ये सहा अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा माता-बालमृत्यूंत ठळक फरक दिसला नाही, पण जखम चिघळणं आणि उकलणं डॉक्टर नसलेल्यांकडे जास्त दिसलं. या सहाही अभ्यासांत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणजे दोन्ही बाजूंचे रुग्ण सारखेच होते असं म्हणता येत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

तेव्हा तुमचा आक्षेप लागू पडतो तो जखमेपाशी आणि देखरेखीपाशी. चीर घेण्याआधी अँटिबायोटिक दिलं का, जखमांची नोंदवही ठेवली जाते का, प्रांताचा सर्जन येऊन ती पाहतो का, हे विचारा. त्या नोंदवहीशिवाय चूक कुठे होते ते कुणालाच कळत नाही.

आणि गरिबांना दुय्यम सेवा मिळते असं म्हणाल, तर दुय्यमपणा मला रुग्णापेक्षा या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आलेला दिसतो. गोव्याच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. १८४२मध्ये पणजीला सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून शिकलेले कितीतरी गोवेकर मोझांबिकमध्ये आरोग्यसेवेत राबले, पण त्यांची पदवी पोर्तुगालमध्ये पूर्ण दर्जाची धरली जात नसे. बढतीसाठी पुन्हा पोर्तुगालला जाऊन शिकावं लागे. तेक्निकोंनाही वर्षानुवर्षं तीच अडचण होती: जबाबदारी सर्जनची, श्रेणी मधल्या फळीतली. पुढे मापुतोच्या उच्च आरोग्यविज्ञान संस्थेत पदवीचा अभ्यासक्रम आला, ही योग्य दिशा आहे. पण ती पदवी घेतलेल्याला पगार आणि बढतीही त्याच तोलाची मिळायला हवी, नाहीतर तोही तालुका सोडून जाईल.